बाही, उजवी

खोकं पुण्याहून आलं, पारोळ्याच्या बसस्टँडवर
पार्सलच्या खिडकीत दोन तास ऊन खात बसलं.
आत एक राखाडी बाही, खांद्यापासून मनगटापर्यंत,
विणीत चांदीचा मुलामा दिलेला धागा,
दंडावर बटणाएवढी बॅटरी,
आणि एक फॉर्म: वापरायला सोपी वाटली का?
एक ते पाच.

पहिलं नाव लिहिलं सुपडाबाई बोरसे, वय एकसष्ट,
उजवा खांदा आखडलेला, सात महिने.
व्यवसाय विचारला तर म्हणाली, "मांडा."
मी लिहिलं, स्वयंपाक.

बाही चढवायला तिघी लागल्या.
तिची सून, मी, आणि खालच्या मेडिकलमधली दीपाली,
कुणाचं तरी बिल अर्धं सोडून आलेली.
बांगड्यांपाशी कापड अडलं.
माहितीपत्रकातला हात उघडा होता, तरुण,
कोपराला एक सुरकुती नसलेला.
"बांगड्या राहू दे वं माय,"
ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

हात चुकला की बाही थरथरते,
बरोबर असला की गप्प.
"गप बसनी म्हणजे रुसनी का काय?"

त्यात मे महिना.
घामानं धागा भिजला की
सरळ हातही त्याला वाकडा वाटे.
फोनमधली बाई इंग्रजीत शाबासकी देई,
सुपडाबाई तिला दर वेळी "हां माय" म्हणे.

भिंतीवर बोटांनी चढायचं, असा व्यायाम.
माझ्या भिंतीवर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा खिळा आहे,
त्याच्या वीतभर खाली तिची बोटं थांबत.
सत्तर अंश. एकाहत्तर. परत सत्तर.

मंगळवारी आकडे उतरवायला बसले
तर रात्री अडीच ते पहाटे साडेपाच
अख्खा पडदा लाल.
चूक, चूक, चूक, चारशे बारा वेळा.
वाटलं, धागा तुटला. सुनेला फोन लावणार होते.
मग रेघ मोठी करून पाहिली.

हात उचलला जातो. कोपर बाहेर पडतं,
मनगट फिरतं, काहीतरी डाव्या हाताला दिलं जातं,
परत घेतलं जातं,
दर खेपेला थोडं रुंद, थोडं सावकाश,
आता दंडावर आलं असेल, आता पार कोपराखाली लोंबत असेल,
आणि मग एकदम सगळं हलकं.
खापरावर पडलं.

साठ मांड्यांची ऑर्डर होती, लग्नाची.
एकशे आठ अंश.
बोटं खिळ्याच्या वर गेली असती, कॅलेंडरच्या दोरीला लागली असती.

दुखलं नाही का, विचारलं.
"दुखनं ना. पन मांडा हातवर व्हता. सोडू कसा?"

बाही परत आली ती धुऊन.
वेगळी धुवा असं लिहिलं होतं, धुतली नातवाच्या गणवेशाबरोबर,
तरी चालू.
कोपरापाशी हळदीचा डाग, वेलचीचा वास.
मनगटाजवळ शिवण चार बोटं उसवलेली,
चांदीचा धागा तेवढा ओळखून, दुमडून आत घेतलेला,
आणि तिथं जुन्या पोलक्याचे दोन हूक.
"तुन्हा साहेबले सांग, हाई अशी जोयजे."

आता फॉर्म समोर आहे.
एकट्यानं घालता आली का?
पहिल्या दिवशी एक. हुकांनंतर चार.
चौकट एकच आहे.
चुकीच्या हालचाली किती? चारशे बारा
लिहायला पेन टेकवलं, उचललं,
पंख्याकडे बघत बसले. तेवढ्यात लाइट गेली.

इतर सूचना, दोन ओळींची जागा.
उजेडासाठी खिडकीशी जाऊन लिहिलं,
बांगड्यांना जागा ठेवा.
दुसरी ओळ कोरीच राहिली.
पान उलटून वर गेले,
स्वयंपाक खोडलं, मांडे लिहिलं.

पुण्याहून फोन येईल, मांडे म्हणजे काय.
येऊ दे.